रॅलीच्या गाडीत डोकं आवरायचं कसं?

रॅलीची, म्हणजे रस्त्यांवरच्या मोटारशर्यतीतली, गाडी झाडावर आदळते तेव्हा गाडी थांबते, पट्ट्यांनी आवळलेलं धड थांबतं. डोकं मात्र पुढे निघालेलंच असतं. त्याला धरून ठेवायला उरते एकटी मान. हिशेब करून बघा. ताशी 70 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटरच्या आसपास. गाडीचं नाक चेपणं, पट्टे ताणले जाणं असं सगळं धरून चालक अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर त्याचा वेग गुरुत्व त्वरणाच्या सरासरी 38-39 पटीनं उतरतो. डोक्याचं वजन साडेचार किलो, हेल्मेटचं दीड किलो. या सहा किलोंना थांबवायला सुमारे 2300 न्यूटन बळ लागतं. ही झाली सरासरी. धडकेतलं बळ एकसारखं नसतं, ऐन क्षणी ते सहज दुप्पट होतं. अमेरिकेच्या मोटारसुरक्षा नियमांत मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या डमीसाठी (धडकेच्या चाचणीतल्या पुतळ्यासाठी) मानेवरच्या ताणाची मर्यादा 4170 न्यूटन आहे. म्हणजे रॅलीच्या हिशेबानं फारशा वेगात नसतानाच आपण त्या रेषेपाशी पोचलेले असतो.

यात एक विचित्र गोष्ट आहे. हेल्मेटनं कवटी वाचवली, पण मानेवरचं ओझं वाढवलं. सहा-बिंदू हार्नेसनं, म्हणजे सहा ठिकाणी अडकवलेल्या पट्ट्यांनी, छाती स्टीअरिंगवर आदळायची थांबवली, पण धड इतकं घट्ट बांधलं की सगळी ओढ मानेवर आली. या ओढीनं पुष्कळदा मणका तुटत नाही. कवटीचा तळ, जिथे मान कवटीला जोडलेली असते तिथेच, तडकतो. मेंदूचा देठ आणि मोठ्या रक्तवाहिन्या तिथूनच जातात. बाहेरून अंगावर ओरखडासुद्धा नसलेला चालक अशा इजेनं जागच्या जागी जाऊ शकतो.

1981 साली अमेरिकेतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर सराव करताना पॅट्रिक जॅकमार हा फ्रेंच चालक याच इजेनं गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग स्वतः रेसर. त्यानं हा प्रश्न आपले मेहुणे रॉबर्ट हबर्ड यांच्यापुढे टाकला. हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक होते आणि त्याआधी जनरल मोटर्समध्ये अपघातातल्या इजांवर काम करून आलेले. त्यांनी काढलेला उपाय ऐकायला फारच साधा वाटतो: डोकं धडाला बांधा. खांद्यांवर बसणारी एक ताठ कॉलर, तिचे दोन पाय छातीवर उतरणारे, त्या पायांवरून हार्नेसचे खांद्याचे पट्टे, आणि कॉलरपासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या पट्ट्या, म्हणजे टेदर. डोकं पुढे निघालं की टेदर ताणले जातात, आणि मानेवर येणारं बळ कॉलरमार्गे हार्नेसवर आणि छातीवर जातं. हेच हॅन्स, म्हणजे हेड अँड नेक सपोर्ट.

पहिले नमुने 1980च्या दशकाच्या मध्यात तयार झाले. पुढची पंधरा वर्षं बहुतेक चालकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अवजड आहे, मान वळत नाही, गाडीतून लवकर बाहेर पडता येणार नाही, अशी कारणं दिली जात. मग मे 2000 ते फेब्रुवारी 2001 या काळात अमेरिकेतल्या नासकार या मोटारशर्यत मालिकांच्या सरावात आणि शर्यतींमध्ये मिळून चार चालक डोक्या-मानेच्या इजांनी गेले. चौथा होता डेल अर्नहार्ट, त्या खेळातला सर्वांत मोठा तारा, तोही डेटोना 500 या मोठ्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नासकारनं डोकं आवरणारं साधन सक्तीचं केलं, आणि 2003 पासून फॉर्म्युला वननं हॅन्स. मोठं नाव गेल्याशिवाय नियम हलत नाही, हे सगळीकडे सारखंच.

आता रॅलीकडे येऊ. ट्रॅकवरच्या चालकाला जे चालतं ते रॅलीत जसंच्या तसं चालत नाही, आणि दुकानातून हॅन्स आणणारे नेमके इथेच फसतात. गाडीत दोघं असतात आणि दोघांची कामं वेगळी. चालक घाटातल्या वळणावर बाजूच्या खिडकीतून पुढचा रस्ता शोधत असतो. को-ड्रायव्हर खाली मान घालून मांडीवरच्या पेसनोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या नोंदी, वाचत असतो. टायर फुटला तर स्टेजच्या, म्हणजे वेळ मोजतात त्या टप्प्याच्या, मधेच उतरून दोघांनी चाक बदलायचं आणि पुन्हा बांधून घ्यायचं. दोन स्टेजेसच्या मधल्या साध्या रस्त्यावर हे सगळं काढून ठेवायचं. म्हणजे दिवसभरात घालणं-काढणं पुष्कळ वेळा होतं, तेही घाईत आणि घामात.

त्यामुळे टेदरची लांबी ही बारीकसारीक बाब राहत नाही. दावं आखूड असलं तर जनावराला चारा मिळत नाही, लांब असलं तर ते शेजारच्या शेतात जातं, टेदरचंही तेच. को-ड्रायव्हरला वहीचं पान तळापर्यंत दिसायला हवं, पण म्हणून टेदर मनाजोगे सैल ठेवले तर डोकं वेग घेऊन मग झटका खातं, आणि साधनाचा बराचसा फायदा तिथेच जातो. उत्पादकानं दिलेल्या मर्यादेत राहायचं, आणि तरीही पान दिसत नसेल तर वही धरायची उंची बदलायची. चालकासाठी सरकते टेदर घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. यात एकच पट्टी कॉलरमधून इकडून तिकडे सरकते, त्यामुळे मान बाजूला वळते, पण पुढची ओढ तेवढीच रोखली जाते.

दुसरी गोष्ट कोनाची. हॅन्स 10, 20, 30 आणि 40 अंशांच्या मॉडेलमध्ये मिळतं. हा आकडा सीट किती मागे कललेली आहे त्यानुसार निवडायचा. फॉर्म्युला गाडीत चालक जवळपास आडवा असतो, त्याला मोठा कोन लागतो. रॅलीच्या सीट ताठ असतात, तिथे बहुधा 20 अंशांचं बसतं. कोन चुकला की कॉलर हेल्मेटला किंवा सीटला अडते, आणि पाय गळ्याच्या हाडावर रुततात. मापही मानेच्या घेराप्रमाणे निवडायचं असतं. को-ड्रायव्हरची सीट बऱ्याच गाड्यांत खाली आणि मागे बसवलेली असते, म्हणून दोघांना एकच मॉडेल लागेल असं गृहीत धरू नये. आपल्या सीटमध्ये, आपल्या पट्ट्यांसह, हेल्मेट घालून बसून बघावं.

पट्ट्यांची बाजू सगळ्यांत दुर्लक्षित. खांद्यांचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेच्या 0 ते 20 अंश खाली असावेत. पट्टे फार खाली बांधले तर धडकेत मणका दाबला जातो. दोन पट्ट्यांमध्ये अंतर जास्त असेल तर ते कॉलरवरून घसरू शकतात, आणि ते घसरले की हॅन्स गळ्यात नुसतं अडकवलेलं राहतं. बांधताना आधी कमरेचा पट्टा करकचून, मग खांद्यांचे. पट्टे घसरण्याच्या अडचणीवर दुसऱ्या पद्धतीची साधनं निघाली, सिम्पसन हायब्रिडसारखी, ज्यांत छातीभोवती स्वतंत्र पट्टा असतो. खांद्याच्या पट्ट्यांवर त्यांचा भरवसा कमी, पण घालायला थोडा वेळ जास्त जातो.

काय चालेल ते स्पर्धेचे नियम सांगतात. एफआयए या जागतिक मोटारक्रीडा संघटनेचं मानक 8858 आणि अमेरिकेतल्या एसएफआय या सुरक्षा-मानक संस्थेचं 38.1 ही दोन लेबलं सर्रास दिसतात. एका लेबलाचं साधन दुसरीकडच्या स्क्रूटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीत, चालेलच असं नाही. हेल्मेटवर टेदरचे हुक बसवायची जागा कारखान्यातूनच तयार हवी. घरी ड्रिल घेऊन भोक पाडणं हा आत्मघात आहे. इंटरकॉमची वायर टेदरच्या कोणत्या बाजूनं जाते तेही बघावं, कारण घाईत उतरताना हमखास तीच गुंतते. कार्बनच्या महागड्या मॉडेलमध्ये वजन काही शे ग्रॅम वाचतं. लेबल तेच असेल तर पास व्हायची चाचणीही तीच. ते पैसे चांगल्या सीटवर घालावेत.

सीटवर का, तर हॅन्सचं मुख्य काम समोरून आणि थोड्या तिरक्या धडकेत. रॅलीत गाडी आडवी घसरत जाऊन दारावर झाड बसतं, हा नेहमीचा प्रकार. 2005 साली वेल्स रॅली जीबीच्या मार्गम पार्क स्टेजमध्ये मार्को मार्टिनची गाडी अशीच बाजूनं झाडावर गेली आणि त्याचा को-ड्रायव्हर मायकल पार्क गेला. बाजूच्या धडकेत डोकं अडवतात ते सीटचे कानाशेजारचे पंख, दारातला फोम आणि रोल केजच्या, म्हणजे गाडीतल्या संरक्षक पिंजऱ्याच्या, दारातल्या नळ्या.

नाशिक परिसरातल्या कच्च्या रस्त्यांवर राष्ट्रीय मालिकेतल्या रॅली झाल्या आहेत, आणि आपल्याकडे हौशी स्पर्धकही बरेच. त्यांच्यात जुनं साहित्य हातोहात फिरतं. हॅन्स जुनं घ्यायला हरकत नाही, पण कॉलरला बारीकशीही चीर नको, आणि टेदरवरची तारीख वाचावी. ते साधारण पाच वर्षांनी बदलावेत असं उत्पादक सांगतात. अपघात पाहिलेलं असेल तर किंमत काहीही असो, ते घेऊ नये. आणि मानेभोवतीची फोमची जाड कॉलर कुणी स्वस्त पर्याय म्हणून गळ्यात मारू पाहत असेल तर तिला हात लावू नका. ती हेल्मेटला कुठेच जोडलेली नसते, त्यामुळे पुढे निघालेल्या डोक्याला ती धरूच शकत नाही.