पाण्यावरच्या ल्युअरने मस्की : बोटीत बसण्याआधी एवढं वाचा

उन्हाळ्यात शिकागो आणि मिनिआपोलिसहून मराठी मंडळी आमच्याकडे विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डला येतात. कुणी लहानपणी खाडीवर गळ टाकलेला असतो, कुणी नदीवर. तो सराव इथेही कामाला येतो. एक सवय मात्र आडवी येते : मासा दिसला की लगेच झटका द्यायची.

मस्की हा इथला मोठा शिकारी मासा, आणि ल्युअर म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष. मस्की पाण्यावरचं ल्युअर घेतो तेव्हा पाणी अक्षरशः फुटतं. आवाज होतो, फेस उडतो आणि हात आपोआप मागे जातो. नेमकं तेव्हाच थांबायचं असतं. बऱ्याचदा पहिला हल्ला चुकतो, ल्युअर माशाच्या तोंडात गेलेलंच नसतं. अशा वेळी झटका दिलात तर मासा जातो, आणि तिहेरी गळांचं जड ल्युअर हवेतून थेट बोटीतल्या माणसांकडे येतं. म्हणून पाणी फुटलं तरी रीळ त्याच गतीने फिरवत राहा. रॉडवर वजन जाणवलं की मगच जोरात ओढा. हल्ला चुकला तरी ल्युअर थांबवू नका. चालत राहिलं तर तोच मासा पुन्हा येऊ शकतो.

आम्ही जातो तो चिप्पेवा फ्लोएज हा धरणाने तयार झालेला जलाशय. बुडालेल्या झाडांचे बुंधे, तरंगती दलदलीची बेटं आणि चहासारखं तांबूस पाणी. मस्की दबा धरून शिकार करतो आणि त्याचे डोळे डोक्यावर वरच्या बाजूला असतात, त्यामुळे पृष्ठभागावरून सरकणारी वस्तू त्याला चांगली दिसते. मंद प्रकाशात, म्हणजे पहाटे, संध्याकाळी, ढगाळ हवेत, हे ल्युअर जास्त चालतं. रात्रीही आम्ही नेतो. शेपटीला पंखा असलेलं आणि एका गतीने ओढायचं ल्युअर नवख्यांना आम्ही आधी देतो. माशाला त्यावर नेम धरणं सोपं जातं.

ल्युअर बोटीपाशी आलं म्हणजे फेक संपली असं नाही. मस्की मागे मागे येऊन बोटीजवळ घोटाळतो, आणि या पाण्यात तो तुम्हाला दिसेलच असं नाही. लीडर (दोरीच्या टोकाचा, ल्युअरला जोडलेला मजबूत तुकडा) रॉडच्या टोकाशी आला की टोक पाण्यात घाला आणि इंग्रजी आठचा आकडा काढा. वळणं मोठी घ्या. लांबलचक माशाला आखूड वळण जमत नाही. दर फेकीला हे करा, हात दुखले तरी करा.

रॉड, रीळ, ८० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि लीडर आमचे. तुम्ही पोलराइज्ड गॉगल आणि बंद बूट आणा. गॉगल डोळ्यांच्या रक्षणासाठीही आहे, अंधार पडल्यावर आम्ही पारदर्शक चष्मा देतो.

मासा आम्ही ठेवत नाही. ५० इंची मस्की वाढायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि एवढ्या मोठ्या बहुधा माद्याच असतात. गळ काढेपर्यंत मासा जाळ्यात पण पाण्यातच राहील. गळ खोल रुतला असेल तर आम्ही तो कापून टाकतो. गळ नवा मिळतो. फोटो हवा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा. मासा आडवा, दोन्ही हातांनी, काही सेकंदच बाहेर. उभा लटकवून फोटो काढू देणार नाही, कृपया आग्रह धरू नका.

पृष्ठभागाचं पाणी ८० अंश फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसला पोचलं की आम्ही मस्कीची सहल रद्द करतो. इतक्या कोमट पाण्यात झुंज दिलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. तुमचे पैसे परत मिळतील, किंवा सप्टेंबरमधली तारीख घेता येईल.

१६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला विस्कॉन्सिनचा मासेमारी परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो; धक्क्यावर येण्याआधीच काढून ठेवा.