डेक्सामेथासोन चाचणीला जाताय? नमुना परत जाऊ नये म्हणून

कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड हार्मोन) वाढल्याची शंका असली की ही चाचणी लिहून देतात. डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडची गोळी, निरोगी माणसात तिने सकाळचं कॉर्टिसॉल दबतं. रात्री ११ ते १२ दरम्यान डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम (गोळी ०.५ ची असेल तर दोन) घ्यायचं आणि सकाळी ८ ते ९ मध्ये रक्त द्यायचं. केसपेपर, ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी सगळे आणतात.

कुणाकडेच नसते ती चालू औषधांची यादी. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं. डॉक्टर त्या सहसा ६ आठवडे आधी थांबवतात. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटचं फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर डेक्सामेथासोन शरीरातून लवकर निघून जातं आणि नसलेला आजार रिपोर्टात दिसतो. पण म्हणून ही औषधं मनाने बंद करू नका, कृपा करून. डॉक्टरांना सांगा, ते लाळेची किंवा २४ तासांच्या लघवीची तपासणी करून घेतील. सांधेदुखीची पुडी, गोरेपणाचं मलम, गुडघ्यातलं इंजेक्शन हेही लिहा. त्यात स्टिरॉइड असू शकतं. गरोदरपण आणि रात्रपाळीही आधीच सांगा.

दुसरी अडचण वेळेची. एक मावशी पहिल्या एसटीने येऊन ८ वाजून २० मिनिटांनी खिडकीशी उभ्या होत्या. खिडकी उघडली ९ ला, नंबर लागला पावणेअकराला. नमुना बाद, गोळ्या पुन्हा, एसटीचं भाडं पुन्हा. चिठ्ठीवर ८ लिहायचं आणि खिडकी ९ ला उघडायची, हे कुणालाच खटकत कसं नाही? आदल्या दिवशीच विचारून घ्या की ८ वाजता रक्त कुठे घेतात. गोळी किती वाजता घेतली तेही चिठ्ठीवर लिहा.

आता रिपोर्ट. त्यावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक वेळा गोळी न घेता दिलेल्या सकाळच्या रक्ताची असते. आकडा ६.२ आला, पुढे खूण नाही, म्हणून माणसं निर्धास्त घरी जातात. या चाचणीत मर्यादा १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे ५० नॅनोमोल प्रति लिटर. त्याच्या वर आकडा म्हणजे कॉर्टिसॉल हवं तसं दबलेलं नाही. पण २.४ आलं म्हणून कुशिंगच (कॉर्टिसॉल जास्त राहण्याचा आजार) झालं असंही नाही. नैराश्य, दारू, आटोक्यात नसलेली साखर यांनीही आकडा वर राहतो. दुसरी तपासणी लागतेच. ८ मिलिग्रॅमची चाचणी त्यानंतरची, आजाराचं मूळ शरीरात कुठे आहे ते शोधायची. ती आधी मागू नका.

रिपोर्ट हातात आला की त्यावर ‘डेक्सामेथासोननंतरचा नमुना’ असं लिहिलंय का ते पाहा. नसेल तर तिथेच लिहून घ्या.