चाकरमान्यांची रजा: गावी जाण्यामागची दीडशे वर्षं

गणेश चतुर्थीची तारीख कॅलेंडरवर सापडली की मुंबईतल्या कोकणी घरांत बोटांवर मोजणी सुरू होते. चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघायचं, तिथून साठ दिवस मागे जायचं, आणि त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल हातात घेऊन बसायचं. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत हीच मोजणी १२० दिवसांची होती. आठ वाजून काही मिनिटं झाली की कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्यांपुढे वेटिंगचे आकडे दिसू लागतात. तिकीट मिळो न मिळो, त्याच दिवशी साहेबांना गाठायचं असतं: गणपतीला आठ दिवस रजा हवी. २०२५ मध्ये रेल्वेने गणपतीसाठी जादा गाड्यांच्या ३८० फेऱ्या जाहीर केल्या. शिवाय एसटीच्या जादा गाड्या वेगळ्या, अख्ख्या वाडीने मिळून ठरवलेल्या बस वेगळ्या.

बाहेरच्या माणसाला हा सगळा सणाचा उत्साह वाटतो. तो आहेच. पण या रजेला सणापेक्षा मोठा इतिहास आहे, आणि तो गिरणीच्या भोंग्याशी जोडलेला आहे.

मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी असा गिरणगाव उभा राहिला. तिथे हात पुरवले ते मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याने. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. जमीन डोंगरउताराची, भात एकाच हंगामाचं, आणि त्या भातावर खोताचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा हक्क. पिकलेल्यातला मोठा वाटा खोताकडे गेला की कुळाच्या कणगीत वर्षाची बेगमी उरत नसे. खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. प्रत्यक्ष खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ उजाडलं. तोवर घरटी एक तरी पुरुष चाकरीला बाहेर पडलेला होता: कुणी पलटणीत, कुणी गोदीत, सगळ्यांत जास्त गिरणीत. चाकरमानी हा शब्द तिथून आला.

हा माणूस गाव सोडून गेला, असं मात्र कुणी म्हणत नसे. त्याची बायको, मुलं, आईबाप गावीच असत. मुंबईत तो गावच्या गाळ्यात राहायचा. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला एक खुंटी, एक ट्रंक आणि वळकटी पसरण्यापुरती जागा. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवालीकडे. पगारातून खानावळ आणि खोलीची वर्गणी गेली की उरलेलं मनीऑर्डरने गावाला. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि रत्नागिरीला तर लोक मनीऑर्डरवर जगणारा जिल्हाच म्हणू लागले. पुरुष मुंबईत आणि बायका गावी, याची खूण जनगणनेतही दिसते. या जिल्ह्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा सतत जास्त राहिली. २०११ मध्येही हजार पुरुषांमागे ११०० पेक्षा जास्त बायका होत्या.

म्हणजे घर एकच, चुली दोन. या दोन चुली जोडणारा दुवा म्हणजे रजा. म्हणून मला या रजेला सुट्टी म्हणणं पटत नाही. चाकरमानी गावी जायचा तो विश्रांतीला नव्हे. पावसाआधी घर शाकारायचं असायचं, बहिणीचं लग्न ठरवायचं असायचं, भावकीतला बांधाचा तंटा मिटवायचा असायचा. शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा घरचा कर्ता पुरुष तिथे हजर लागतो. गणपतीत आरतीला उभं राहणं म्हणजे या घरात, या जमिनीत आपलाही वाटा आहे हे चारचौघांत सांगणं. जो सलग काही वर्षं आला नाही, त्याचा शब्द गावकीच्या बैठकीत हळूहळू हलका होत जायचा.

आणि ही रजा हक्काची नव्हती. सुरुवातीला तर आठवड्याची सुट्टीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, आणि आधीच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली ती जून १८९० मध्ये. पगाराच्या मागणीचा गावी जाण्याशी थेट संबंध होता. मागचा पगार गिरणीकडे अडकलेला असे. न सांगता गावी गेलेल्या माणसाला त्यावर पाणी सोडावं लागण्याची भीती असे. पगार वेळेत देण्याचं कायदेशीर बंधन आलं १९३६ च्या कायद्याने.

मग माणूस गावी जायचा कसा? जॉबरला, म्हणजे मुकादमाला धरून. कामावर घेणं, काढणं, रजा देणं, सगळं त्याच्या हातात. तो बहुतेक वेळा आपल्याच भागातला, कधी आपल्याच गावचा. त्याला खूश ठेवायचं, आपल्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदली माणूस उभा करायचा आणि मग बोट धरायची. बदली बहुधा भावकीतलाच असायचा, कारण परका माणूस साचा बळकावून बसेल ही धास्ती. गाळ्यात एकजण गावाहून परतला की दुसरा निघायचा. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांना पास देऊन त्यांची नोंद सुरू केली आणि जॉबरची ही सत्ता थोडी कमी झाली. तरी रजा संपून वर झालेला प्रत्येक दिवस खाड्यात जायचा, आणि खाडे वाढले की नोकरीवर गदा.

माझ्या आजोबांची पत्र्याची ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेली एक चिठ्ठी आहे, कडा खाल्लेली, जांभळी शाई फिकी पडलेली. खात्याचं नाव वाचता येत नाही. ‘हजर होण्याची तारीख’ एवढे शब्द आणि त्यापुढे दोन आकडे मात्र अजून दिसतात. गावी पोचल्यावर धोतर काढायला, पोरांसाठी आणलेल्या खारीचा पुडा काढायला, परत निघताना कुळथाची पिशवी ठेवायला ट्रंक उघडली की ती तारीख समोर यायची. आजी म्हणायची, “ते घरात आसत, पण डोळे त्या चिठ्ठीर.”

भरपगारी रजेला कायद्याने पहिलं रूप आलं १९४५ मध्ये. कारखाना कायद्यातल्या त्या दुरुस्तीने वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. मग १९४८ च्या कारखाना कायद्याने आणि त्यातल्या १९५४ च्या दुरुस्तीने नियम घातला: वर्षात २४० दिवस काम भरलं तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. म्हणजे निदान बारा दिवस. बोटीचे किंवा एसटीचे जायचे-यायचे दिवस वजा जाता पाच-सात दिवसांचा गणपती त्यात बसतो. गिरणगावाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. गावी जाणं पहिल्यांदाच कुणाच्या मेहेरबानीवर राहिलं नाही. पण बदली कामगाराचे २४० दिवस भरायचे कसे? ज्याच्या जिवावर इतरांची रजा चालायची, त्यालाच ती मिळवणं सगळ्यांत कठीण होतं. मला यातला हा अन्याय कायम डाचत आला आहे.

रजा मिळाली तरी वाट मिळायला हवी. रेल्वेच्या आधीचं कोकण समुद्रावरून चालायचं. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात ती उभी राहायची आणि पडाव, म्हणजे लहान होड्या, बाजूला यायचे. हेलकावणाऱ्या शिडीवरून आधी ट्रंक, मग पोर, मग बाईमाणूस पडावात उतरवायचं. किनाऱ्यावरून पुढे बैलगाडी, खाडी ओलांडणारी तर (होडी), नाहीतर सरळ पायपीट.

आता एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लांब पल्ल्याच्या या बोटी पावसाळ्यात बंद असत, आणि गणपती येतो ऐन भाद्रपदात. त्यामुळे बोटीच्या काळात चाकरमान्याचा खरा हंगाम शिमगा आणि मे महिना. लग्नसराई, आंबे, घर शाकारणं, सगळं तेव्हाच. गणपतीला जायचं तर घाटमाथ्यावरून वळसा: रेल्वेने कऱ्हाडला उतरून कुंभार्ली घाटाने चिपळूण, किंवा कोल्हापूरला जाऊन आंबा नाहीतर फोंडा घाट. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. इतका खटाटोप प्रत्येकाला परवडत नसे. आज आपण ज्याला कोकणची अनादी परंपरा समजतो ती गणपतीची प्रचंड गर्दी, तिचं हे रूप बारमाही रस्त्यांनी आणि नंतर रेल्वेने घडवलेलं आहे.

पावसाळ्यातल्या समुद्राची किंमत मुंबईकरांनी एकदा फार भयंकर मोजली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसची फेरी जवळची म्हणून पावसातही चालायची, आणि तिच्यात घरी निघालेली माणसं होती. अलिबागकडच्या कित्येक घरांत अजूनही त्या दिवसाचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प होतात.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. कोकणातल्या गावागावांत ती पोचायला पुढे बरीच वर्षं लागली, पण पोचल्यावर तिने बोटीचं वेळापत्रक मोडून काढलं. रात्री मुंबई सेंट्रल किंवा परळहून बसायचं, कशेडी घाटात पोरं ओकायची, उजाडताना परशुराम घाटातून खाली वाशिष्ठी दिसायची. थेट वाडीच्या फाट्यावर उतरवणारी गाडी हे बोटीच्या पिढीला स्वप्नवत होतं. याच महामार्गावर महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि दोन एसटी बस पुराच्या पाण्यात गडप झाल्या, हेही कोकणी माणूस विसरलेला नाही. चौपदरीकरणाचं काम तर दशकभराहून जास्त काळ रखडत चाललं आहे. दर गणपतीआधी खड्डे बुजवण्याच्या तारखा जाहीर होतात. रजेचे आठ दिवस आणि त्यातला एकेक दिवस माणगाव-इंदापूरच्या कोंडीत जातो, तेव्हा मनापासून संताप येतो.

रेल्वेची मागणी जुनी होती. अ. बा. वालावलकरांनी तिचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पै आणि प्रा. मधू दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. दिवा-पनवेल मार्ग १९६४ मध्ये सुरू झाला आणि रूळ रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं जुलै १९९० मध्ये. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते, कामाची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. रातभरात सावंतवाडी!

फक्त तोवर गिरणगाव मोडला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. खोलीचं भाडं आणि खानावळ परवडेना तेव्हा हजारो जण गावी गेले, जसे १८९६ च्या प्लेगात गेले होते, १९२८ च्या दीर्घ संपात गेले होते. इतकी वर्षं रजा काढून गाव जपला, तो अशा वेळी उपयोगी पडला. या वेळी मात्र हजर होण्याची तारीखच कुणाला कळली नाही. बरेच जण परतलेच नाहीत. जे परतले त्यांनी मिळेल ते काम धरलं, आणि पुढच्या पिढीने बिऱ्हाड हलवलं विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरला. दिव्यात तर कोकणची गाडी घराजवळ थांबते म्हणून जागा घेणारी कुटुंबं मला ठाऊक आहेत.

२०२० च्या टाळेबंदीत पुन्हा लोक गावाकडे धावले. पण गणपतीला येणाऱ्यांसाठी दहा दिवसांचं विलगीकरण लागलं. चतुर्थी २२ ऑगस्टची, रजा आठ दिवसांची. ज्यांना घरून काम करता येत होतं ते वेळेत पोचले. रुग्णालयात, बँकेत, पोलिसांत असलेल्यांच्या घरी त्या वर्षी शेजाऱ्याने गणपती आणून बसवला.

आजोबांच्या वेळी घर भरलेलं असायचं आणि रजा काढून एक माणूस यायचा. आता आम्ही सगळेच मुंबईला असतो. गावच्या घराची किल्ली पलीकडच्या काकींकडे. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा त्याच लावतात, तेलाचे पैसे घ्यायला तयार नसतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी चार भाऊ चार उपनगरांतून पोचतात, दार उघडतात, जाळी-जळमटं काढतात, गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, कवंडळं आणि सुपाऱ्या बांधतात. गौरीला आत्या माहेरी येते. ती घरात न शिरता आधी काकींच्या ओटीवर जाते, चहा तिथे घेते, आणि मग आमच्याकडे येऊन विचारते, “कितीशी रजा गावली रे यंदा?”