स्टिअरिंग बॉक्समध्ये ग्रीस भरलं की गळती थांबते?

‘जुन्या जीपच्या स्टिअरिंग बॉक्समधून ऑइल गळतंय? घट्ट ग्रीस भरा, कायमचं काम!’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ठिपके थांबतात, म्हणून तो पटतोही. पण वर्म (स्टिअरिंगसोबत फिरणारा आट्यांचा स्क्रू) फिरला की ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि ऑइलसारखं वाहून परत येत नाही. वर्म, बेअरिंग कोरडेच घासतात. (पातळ, वाहतं ग्रीस वेगळं.)

सोलापूरच्या उन्हात ऑइल पातळ होतं हे खरं, पण गळतीचं मूळ बहुधा सेक्टर शाफ्टच्या (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या) सीलमध्ये असतं. बॉक्स पुसून कोरडा करा, होटगी रोडला एक चक्कर मारा, ओल कुठून सुरू होते ते पाहा. मग ड्रॉप आर्म (त्या शाफ्टच्या टोकाला बसवलेला हात) धरून आडवा-उभा हलवा. शाफ्ट बुशात (त्याला धरून ठेवणाऱ्या नळीसारख्या कड्यात) खुळखुळत असेल तर नुसतं नवं सीलही टिकणार नाही. आधी बुश बदला.