एका जिवाणूची चार नावं

मुलाला जुलाब लागले की डॉक्टरांच्या चिठ्ठीत ओआरएस आणि झिंकच्या जोडीला बहुतेक वेळा एक छोटी प्लास्टिकची कुपी असते. हलवायची, टोक पिरगळून तोडायचं, दुधात नाहीतर पाण्यात मिसळून पाजायचं. वास नाही, चव नाही; आजीला तर ते नुसतं पाणीच वाटतं. त्या ५ मिलिलिटरमध्ये एका जिवाणूचे २०० कोटी बीजाणू असतात.

काही जिवाणू पोटाला उपकारक ठरतात, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी दह्यावरून मांडला. पण दह्यातले बरेचसे जिवाणू जठरातल्या आम्लात टिकत नाहीत. बीजाणूचं तसं नाही. दिवस वाईट आले की कुपीतला हा जिवाणू टणक कवचात निपचित पडून राहतो; तोच बीजाणू. आम्लातून सुखरूप पुढे सरकतो, त्याला फ्रिजही लागत नाही. ‘एंटरोजर्मिना’ हे या कुपीतलं औषध इटलीत १९५८ साली आलं ते याच गुणाच्या जोरावर. त्यात या जिवाणूचे चार वाण (उपप्रकार) असतात; ते चारही वेगवेगळ्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत, म्हणून अँटिबायोटिकच्या दोन डोसांच्या मधे ही कुपी देतात.

गंमत नावाची आहे. कितीतरी वर्षं हा जिवाणू ‘बॅसिलस सबटिलिस’ समजला जायचा. २००१ च्या सुमारास जनुकीय तपासणीत तो ‘बॅसिलस क्लॉसाय’ निघाला. म्हणजे चाळीसेक वर्षांचा वापराचा अनुभव दुसऱ्याच जिवाणूच्या खात्यावर जमा होत होता! पुढे २०२० मध्ये तो ‘अल्कलिहॅलोबॅसिलस’ झाला आणि २०२१ मध्ये ‘शौचेला क्लॉसाय’. हे ‘शौचेला’ पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ. पोटाच्या औषधातल्या जिवाणूला नेमकं हेच आडनाव मिळावं, हा निव्वळ योगायोग.

उपयोग किती? चाचण्या एकत्र करून २०१८ साली हिशेब मांडला गेला, त्यात मुलांचे जुलाब साधारण नऊ तास लवकर थांबल्याचं दिसलं. नऊ तास रात्रभर जागणाऱ्या आईला कमी नाहीत, पण हा चमत्कारही नव्हे. शरीरातलं पाणी भरून काढतं ते ओआरएसच.

धोक्याची बाजू छोटी असली तरी खरी आहे. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा आधीच गंभीर आजारी असलेल्या रुग्णांमध्ये मात्र हाच जिवाणू रक्तात शिरून संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. मग जो अँटिबायोटिकला न जुमानण्याचा गुण कौतुकाचा होता, तोच उपचारात आडवा येतो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलासाठी ही कुपी केमिस्टकडून परस्पर आणू नये, ती त्याच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

अशा नोंदी शोधायला बसलात, तर जुनी नावंही टाकून बघा. बऱ्याच खोक्यांवर अजून ‘बॅसिलस क्लॉसाय’च छापलेलं असतं.