नॅशनल कॅरिअर आणि बजेट एअरलाइन: नवीन रूट नक्की कोण उभा करतं?

गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. आमच्या बिल्डिंगमधले एक काका, मूळचे कुडाळचे, दादरला माझ्या तिकीट बुकिंगच्या ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, एअर इंडिया आपली सरकारी ना, मग ती आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपीला विमान का घालत नाही? आणि ती इंडिगो तर स्वस्तातली, ती कशी काय मँचेस्टरला निघाली?" काकांच्या या एका प्रश्नात दोन गैरसमज आहेत, आणि खरं सांगायचं तर काउंटरवर येणाऱ्या निम्म्या लोकांचे हेच दोन गैरसमज असतात. त्यांना तेव्हा घाईत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, आता नीट लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे एअर इंडिया सरकारी नाही. 27 जानेवारी 2022 ला ती टाटांकडे परत गेली, नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा ही दुसरी विमान कंपनी तिच्यात विलीन झाली, आणि आज ती कुठल्याही खाजगी कंपनीसारखी नफा-तोटा बघून चालते. तरी लोक तिला नॅशनल कॅरिअर, म्हणजे देशाची विमान कंपनी, म्हणतात आणि त्यात चूकही नाही, कारण हे नाव मालकीवरून कमी आणि इतिहासावरून जास्त पडलेलं आहे. 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला पहिलं विमान गेलं ते एअर इंडियाचं. 1953 ला राष्ट्रीयीकरण झालं आणि परदेश एअर इंडियाकडे, देशांतर्गत इंडियन एअरलाइन्सकडे अशी वाटणी झाली. मग पुढची चाळीस वर्षं दुसऱ्या कोणाला शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाची, विमानसेवा चालवायची कायद्याने मुभाच नव्हती. त्या काळात कुठल्या गावाला विमान घालायचं हे सरकार ठरवायचं, आणि मुंबई–दिल्लीवर कमावलेल्या पैशातून आडबाजूच्या रूटचा तोटा भरून निघायचा. काकांच्या डोक्यात जी एअर इंडिया आहे ना, ती ही.

बजेट एअरलाइन म्हणजे काय, तर लोकांना वाटतं जिच्यात जेवण विकत घ्यावं लागतं ती. जेवण हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे हो. खरा फरक विमान दिवसभरात किती वेळ हवेत असतं त्यात आहे. एकदा मुंबई विमानतळावर गेटच्या काचेपाशी बसून मी मुद्दाम घड्याळ लावून बघितलं होतं, विमान येऊन थांबलं, शेवटचा प्रवासी उतरायच्या आधीच क्रू मागच्या रांगांमधला कचरा पिशवीत भरायला लागले होते, खाली पंखाशी इंधनाची गाडी, पोटापाशी बॅगांचा पट्टा, पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दारांना जिने, आणि पस्तिसाव्या मिनिटाला दार बंद. आता हिशोब करा. दिवसाला सहा फेऱ्या असतील आणि प्रत्येक वेळी जमिनीवरची पंचवीस मिनिटं वाचली तर अडीच तास झाले, म्हणजे मुंबई–गोवा जाऊन येण्याएवढा वेळ त्याच विमानातून, विमानाच्या पैशाच्या त्याच हप्त्यात निघाला. एकाच जातीची विमानं ठेवायची म्हणजे पायलट, इंजिनिअर, सुटे भाग सगळे सगळीकडे चालतात, तेही याच हिशोबातलं. ऑगस्ट 2006 ला सुरू झालेली इंडिगो आज देशातल्या दहा प्रवाशांपैकी सहा नेते ती या शिस्तीवर.

म्हणजे दोघांच्यात तिकिटाच्या दरापेक्षा रूट मोजायच्या पद्धतीचा फरक मोठा आहे, आणि माझं म्हणणं असं की नवीन रूट कोण घालणार, कोण टिकवणार, कोण सोडून जाणार हे सगळं तिथेच ठरतं.

नॅशनल कॅरिअर रूट मोजते जाळ्यासकट. समजा नागपूर–मुंबई रूट स्वतः फारसा कमावत नाही, पण त्या विमानातले तीसजण मुंबईला उतरून लंडन, न्यूयॉर्कच्या विमानात बसणार असतील तर त्या तीसजणांचं मोठं तिकीट त्या छोट्या फेरीच्या खात्यावर धरलं जातं. विमानाच्या पोटातला माल, बिझनेस क्लास, परदेशी कंपन्यांशी कोडशेअर (म्हणजे एकमेकांच्या विमानातल्या सीट आपल्या नावाने विकणं), हे सगळं मिळून तो रूट उभा राहतो. बजेट एअरलाइनचं मूळ गणित मात्र सरळ आहे, हे विमान या दोन तासांत इथे उडवलं तर किती आणि दुसरीकडे उडवलं तर किती. फेरीने स्वतःचा खर्च स्वतः काढायचा. नाही काढला तर पुढच्या शेड्यूलमध्ये ते विमान दुसऱ्या गावाला, आणि त्यात कोणाशी वैर वगैरे काही नसतं.

प्रवाशाला हा फरक कळतो तो अडचण आली की. माझ्याकडचं एक जोडपं, पहिल्यांदाच परदेशी चाललेलं, त्यांनी पैसे वाचवायला स्वतःच मोबाइलवर नागपूर–मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई–सिंगापूर दुसऱ्या कंपनीचं असं दोन वेगळ्या पीएनआरवर बुक केलं. पहिलं विमान तीन तास लेट झालं, मुंबईला उतरून बॅगा घेऊन धावत गेले तोवर पुढचं काउंटर बंद. पहिली कंपनी म्हणाली आम्ही तुम्हाला मुंबईला पोचवलं, दुसरी म्हणाली तुम्ही वेळेत आला नाहीत, आणि नियमाप्रमाणे दोघींचं बरोबर होतं. ती बाई माझ्याशी फोनवर बोलताना रडत होती आणि मला काहीही करता आलं नाही याचं आजही वाईट वाटतं. एकाच पीएनआरवर आरपार तिकीट असतं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असते आणि बॅगही थेट शेवटच्या ठिकाणी मिळते. जाळं म्हणतात ते हे.

मग रूट उघडतं कोण? इथे सरळ उत्तर नाही, कारण छोट्या शहरांचा बाजार आपल्याकडे पहिल्यांदा दाखवून दिला तो बजेटवाल्यांनी. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन 2003 मध्ये सुरू झाली आणि तिने छोटी एटीआर विमानं घेऊन अशा गावांना फेऱ्या घातल्या जिथे मोठ्या कंपन्या बघतही नव्हत्या, पहिल्यांदा विमानात बसणारी माणसं तिने आणली. पण पैशाचा दम पुरला नाही आणि 2007 ला ती किंगफिशरच्या हातात गेली, 2012 ला किंगफिशरच बंद पडली. रूट शोधणारा आणि रूटचं पीक घेणारा वेगवेगळा असू शकतो, हे मला इथे कळलं.

याच्या उलट आखातातलं उदाहरण. केरळातून दुबई, अबुधाबीला जाणारी माणसं कष्टकरी, वर्षा-दोन वर्षांनी घरी येणारी, आणि त्यांना तिकीट परवडत नाही ही ओरड कितीतरी वर्षं होती. त्यासाठी सरकारी एअर इंडियाने एप्रिल 2005 मध्ये स्वतःचीच बजेट कंपनी काढली, एअर इंडिया एक्सप्रेस. म्हणजे नॅशनल कॅरिअरच्या घरात बजेट एअरलाइन जन्माला आली, आणि ती आजही आहे, उलट 2024 मध्ये जुनी एअरएशिया इंडियाही तिच्यात मिसळली. लोक एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस एकच समजून तिकीट काढतात आणि मग जेवण कुठाय विचारतात, म्हणून तिकिटावर आयएक्स लिहिलंय की एआय ते बघत जा. एआय म्हणजे मोठी, आयएक्स म्हणजे बजेटवाली.

परदेशी रूटमध्ये अजून एक गोष्ट मध्ये येते, हक्क. दोन देशांचा करार असतो की आठवड्याला एवढ्या सीट तुमच्या, एवढ्या आमच्या. दुबईसाठी हा आकडा दोन्ही बाजूंना साधारण 66 हजार आहे आणि 2014 पासून तो वाढलेला नाही, दुबईची एमिरेट्स कधीची वाढवून मागतेय. पूर्वी आपल्या बाजूच्या सीट म्हणजे एअर इंडियाच्या सीट असंच समीकरण होतं. 2004 पर्यंत खाजगी कंपन्यांना लांबच्या परदेशी रूटवर प्रवेश नव्हता, नंतर देशात पाच वर्षं सेवा आणि ताफ्यात वीस विमानं अशी अट आली, आणि 2016 मध्ये त्यातली पाच वर्षांची अट निघाली. आता आपल्या बाजूच्या सीट कुठल्याही भारतीय कंपनीला मिळू शकतात. नॅशनल कॅरिअरचं एक मोठं कुंपण तिथे पडलं.

म्हणून इंडिगो मँचेस्टरला गेली. 1 जुलै 2025 ला मुंबई–मँचेस्टर आणि लगेच ॲमस्टरडॅम, नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या मोठ्या बोइंग 787 विमानांनी. काकांना इथे आश्चर्य वाटलं ते बरोबरच आहे, कारण लांब पल्ल्यावर बजेटचं गणित हलतं. नऊ-दहा तासांच्या फ्लाइटमध्ये जमिनीवरची पंचवीस मिनिटं वाचवून काय मिळणार, दिवसाला फेरी एकच. इंधनाचा खर्च सगळ्यांना सारखा, क्रूला परदेशात हॉटेल द्यावंच लागतं, आणि रोज एवढ्या सीट फक्त मुंबईकरांवर भरत नाहीत, त्यासाठी इंदूर, राजकोट, कोचीची माणसं मुंबईला आणून बसवावी लागतात. म्हणजे जाळं लागतं. त्यात गरम जेवण आलं, पुढे मोठ्या सीट आल्या, कोडशेअर आले, मायलेजचे पॉइंट आले. इंडिगो लांब जाताना दरवेळी थोडी एअर इंडियासारखी होतेय, आणि एअर इंडिया आपले छोटे, स्वस्त रूट एक्सप्रेसकडे देत थोडी इंडिगोसारखी होतेय. त्यामुळे नावावरून ओळखायला जाल तर फसाल, त्या रूटवर ती कुठलं गणित लावतेय ते बघा.

आता चिपी. हा भाग मला मनापासून लागतो, कारण माझे निम्मे गिऱ्हाईक कोकणातले.

सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला आणि मुंबईहून पहिलं विमान गेलं ते अलायन्स एअरचं. ही अलायन्स एअर पूर्वी एअर इंडियाचीच उपकंपनी, पण टाटांना विकताना ती त्यात दिली नाही, ती सरकारकडेच राहिली. म्हणजे काका ज्या सरकारी कंपनीला शोधत होते ती हीच, सत्तर सीटची एटीआर उडवणारी. आणि ती चिपीला जात होती ती उडान योजनेतून, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या केंद्र सरकारच्या योजनेतून. उडानमध्ये तासाभराच्या अंतराच्या निम्म्या सीटना सुरुवातीला 2,500 रुपयांची मर्यादा होती, तूट सरकार भरून देतं, त्यासाठी मोठ्या रूटच्या फ्लाइटवर एक जादा शुल्क लागतं, आणि हे सगळं तीन वर्षांसाठी. तीन वर्षांत रूट स्वतःच्या पायावर उभा राहील ही अपेक्षा.

बहुतेक वेळा तो राहत नाही. कॅगने 2023 मध्ये अहवाल दिला त्यात तेव्हापर्यंतच्या टप्प्यांत दिलेल्या 774 रूटपैकी 371 सुरू झाले, तीन वर्षं पूर्ण केली 112 रूटनी, आणि त्यानंतरही चालू राहिले फक्त 54. मुंबई–चिपीचंही तसंच झालं, तीन वर्षं संपली आणि ती सेवा बंद पडली.

आणि यात मुंबईचा मोठा हात आहे. आपल्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एकीवर 11 नोव्हेंबर 2023 ला 24 तासांत 1,032 विमानं चढली-उतरली. अशा ठिकाणी सगळ्यात महाग वस्तू म्हणजे स्लॉट, उतरायची आणि उडायची वेळ. सत्तर सीटच्या एटीआरला एक स्लॉट लागतो आणि सव्वादोनशे सीटच्या एअरबसलाही एकच. मग कुठलीही कंपनी, नॅशनल असो की बजेट, सकाळचा स्लॉट चिपीला देईल की बंगळुरूला? त्यात जानेवारी 2023 पासून गोव्यातलं मोपा विमानतळ सुरू झालं, सावंतवाडीहून जवळ, तिथे बजेटवाल्यांची मोठी विमानं धडाधड उतरायला लागली, आणि सिंधुदुर्गातली माणसं तिकडे वळली.

पूर्वी नॅशनल कॅरिअर जे काम करायची, म्हणजे तोट्याच्या पण लागणाऱ्या गावाला विमान घालणं, ते आता वाटलं गेलंय. 1994 पासून नियम आहे की मुंबई–दिल्लीसारख्या मोठ्या रूटवर जेवढ्या सीट उडवाल त्याच्या ठरावीक टक्के ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीपकडे उडवायच्याच, आणि तो इंडिगोलाही आहे, एअर इंडियालाही आहे. छोट्या गावांचा तोटा उडान भरतं. उरलेलं थोडं अलायन्स एअर. पण कोकण त्या 1994 च्या यादीत नाही, आणि उडानची मुदत संपली की त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. मला विचाराल तर महाराष्ट्र सरकारने नवी मुंबईत काही सकाळचे स्लॉट राज्यातल्या गावांसाठी राखून मागायला पाहिजेत, कारण अनुदान कितीही द्या, उतरायला वेळच नसेल तर विमान येणार कुठून.

नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून चालू झालाय. पनवेल, उरण, पेणची माझी गिऱ्हाइकं आता तिकडचंच तिकीट मागतात. मी दर शेड्यूल निघालं की पहिल्यांदा सकाळी सहा ते नऊच्या रांगा बघते, त्यात एटी-72 किंवा एटी-76 असं एटीआरचं नाव कुठल्या फेरीसमोर आहे का, आणि कुठल्या गावाला.

काकांचं त्या वेळी मोपाचंच काढून दिलं, पहाटेचं, बरोबर सात किलोची हँडबॅग आणि मखराचं सामान आधीच ट्रॅव्हल्सच्या बसने पाठवलेलं. पुतण्या बांद्याहून गाडी घेऊन येणार होता.