जैवअर्थव्यवस्था : सातारा–सांगलीचा ऊसपट्टा

शेती, पशुधन आणि त्यांतून निघणारा टाकाऊ माल यांच्यावर अन्न, इंधन, वीज, खत आणि रसायने यांचे उत्पादन उभे करणाऱ्या व्यवहाराला जैवअर्थव्यवस्था म्हणतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी ‘बायोई-३’ (अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगारासाठी जैवतंत्रज्ञान) हे धोरण मंजूर केले. कृष्णा, कोयना आणि वारणेच्या खोऱ्यात मात्र हा व्यवहार सहकारी साखर कारखान्यांच्या रूपाने कित्येक दशके चालू आहे. तो टिकाऊ ठरायचा तर तीन अटी पाळाव्या लागतात: मातीतून उचललेली अन्नद्रव्ये मातीत परत जावीत, नदीत काही सोडले जाऊ नये आणि गळीत हंगाम संपल्यावरही यंत्रणा चालू राहावी. एकेका कारखान्याला या तिन्ही अटी स्वतःच्या कुंपणाच्या आत पाळता येत नाहीत. म्हणून शेजारच्या कारखान्यांचे, दूध संघांचे आणि बाजार समित्यांचे एकत्र येणे हा या विषयाचा गाभा आहे.

एका टनातून काय निघते

या पट्ट्यातील साखर उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) राज्यात चांगला मानला जातो. एक टन उसापासून साधारण ११० ते १२० किलो साखर, निम्मे पाणी असलेले २८० ते ३०० किलो बगॅस (उसाचा चोथा), ४० ते ४५ किलो मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारा घट्ट पाक) आणि ३५ ते ४० किलो प्रेसमड (रस गाळताना उरणारा गाळ) मिळतो. शेतात राहणारे पाचट (वाळलेली पाने) आणि जनावरांना जाणारे वाढे (हिरवे शेंडे) वेगळे. बगॅस कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळते. उच्च दाबाचे बॉयलर असतील तर स्वतःची गरज भागवून वीज ग्रीडला विकता येते. बगॅसचा वापर जुना आणि स्थिरावलेला आहे. आज खरा प्रश्न मोलॅसिस आणि प्रेसमडचा आहे.

इथेनॉल आणि त्यामागचे पाणी

एक टन सी-हेवी (साखर जवळजवळ पूर्ण काढलेल्या) मोलॅसिसपासून सुमारे २२५ लिटर इथेनॉल मिळते, बी-हेवीपासून सुमारे ३००. थेट रसापासून केले तर एक टन उसामागे ७० लिटरच्या आसपास. बी-हेवी घेताना काही साखर मोलॅसिसमध्येच राहू द्यावी लागते, त्यामुळे उतारा घटलेला दिसतो. उसाचा एफआरपी (सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर) उताऱ्यावर ठरत असल्याने वळवलेली साखर हिशेबात धरली जाणे सभासदाच्या हिताचे आहे. वार्षिक सभेत हा आकडा आवर्जून विचारावा.

राष्ट्रीय जैवइंधन धोरण २०१८ मध्ये आले आणि २०२२ च्या दुरुस्तीने पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५-२६ वर आणले गेले. कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या (इथेनॉल गाळणारे प्रकल्प) वाढवल्या. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने रस आणि सिरपपासूनच्या इथेनॉलवर बंधन आले, ते पुढच्या हंगामासाठी उठले. एकाच उत्पादनावर सगळी भिस्त ठेवली की दिल्लीतल्या एका आदेशाने हप्ते थकतात, हे त्या वर्षाने दाखवले.

एक लिटर इथेनॉलमागे ८ ते १२ लिटर स्पेंट वॉश (आसवनीचे सांडपाणी) निघते. ते आम्लधर्मी, गडद तपकिरी असते आणि त्याची रासायनिक प्राणवायू मागणी (त्यातली घाण विघटित व्हायला लागणारा प्राणवायू) लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात जाते. ओढ्यात थोडे जरी सुटले तरी पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. उन्हाळ्यात कृष्णेचा प्रवाह मंदावलेला असताना धोका सर्वाधिक. म्हणून आसवनीला शून्य द्रव विसर्ग बंधनकारक आहे. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला: स्पेंट वॉशमधून बायोगॅस काढायचा आणि उरलेले पाणी प्रेसमडवर फवारून कंपोस्ट करायचे. दुसरा: बाष्पीभवन करून ते घट्ट करायचे आणि बगॅसच्या जोडीने खास बॉयलरमध्ये जाळायचे. दुसऱ्या मार्गात राखेत पालाश उतरते. ही राख किमान १४.५ टक्के पालाशाची असेल तर ‘पीडीएम’ (मोलॅसिसपासून मिळालेले पोटॅश) खत म्हणून विकता येते. केंद्राच्या अनुदानात ते २०२१ पासून आहे. भारत पालाशासाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून असताना हे पालाश पुन्हा उसालाच मिळणे मोलाचे आहे. अडचण अशी की पालाशाचे क्षार कमी तापमानाला वितळतात आणि बॉयलरच्या नळ्यांना चिकटतात. नळ्या वेळेवर झाडल्या नाहीत तर वाफ घटते, बॉयलर बंद पडतो, आणि साठवण तलाव भरत जातो. गळतीची भीती इथूनच सुरू होते.

प्रेसमडपासून गॅस

कॉम्प्रेस्ड बायोगॅसला (सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाने भरलेला बायोगॅस) चालना देणारी ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. प्रेसमड हा त्यासाठी इथला सर्वांत सोयीचा कच्चा माल: एका जागी गोळा झालेला, बारीक आणि साखरेचा अंश असलेला. एक टन ताज्या प्रेसमडमधून साधारण १०० घनमीटर बायोगॅस मिळतो, त्यात ६० टक्क्यांच्या आसपास मिथेन. शुद्ध केल्यावर हाती ४० किलो सीबीजी, म्हणजे २५ टनांना एक टन.

आता हिशेब मांडावा. रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना १५० दिवस चालला तर साडेसात लाख टन ऊस होतो. साडेतीन टक्क्यांनी प्रेसमड सव्वीस हजार टन आणि त्यातून गॅस सुमारे १,०५० टन. वर्षभरात वाटला तर दिवसाला तीन टनही भरत नाही. रोज दहा टनांचा प्रकल्प वर्षभर चालवायला पंचवीस लाख टन उसाचा प्रेसमड लागतो, म्हणजे असे तीन-चार कारखाने. प्रत्येकाने आपापला छोटा प्रकल्प उभारला तर शुद्धीकरण आणि कॉम्प्रेसरचा खर्च प्रत्येकावर पडतो. उलट एकच मोठा प्रकल्प फार लांब ठेवला तर भाडे खाऊन टाकते, कारण प्रेसमडमध्ये ७० ते ७५ टक्के पाणी असते आणि दहा टनांच्या ट्रकमागे गॅस मिळतो फक्त ४०० किलो. कराड, वाळवा, पलूस, कडेगाव या तालुक्यांत कारखाने जवळजवळ आहेत. इथे सामाईक प्रकल्पाला भूगोलच अनुकूल आहे. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याचे सभासद तर दोन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे जिल्ह्याची हद्द आड यायचे कारण नाही.

प्रकल्प चालवण्याची रीत थोडक्यात अशी. पाचक टाकीत सुरुवातीला शेणाची रबडी विरजण म्हणून भरतात आणि ३५ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान राखतात. प्रेसमड टाकीतून परत आलेल्या पाण्यात कालवून घन भाग ८ ते १० टक्क्यांवर आणतात. पूर्ण भरणा पहिल्या दिवशी करायचा नाही; आठवड्यागणिक वाढवत न्यायचा. माल टाकीत महिनाभर राहतो. निघालेल्या गॅसमधून आधी हायड्रोजन सल्फाइड, मग कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा काढतात. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १६०८७) मिथेन किमान ९० टक्के हवा. नंतर २५० बार दाबाने तो सिलिंडरांच्या कॅस्केडमध्ये (एकमेकांना जोडलेल्या संचात) भरतात.

बिघाड ठरलेल्या जागी होतात. उसासोबत आलेली माती टाकीच्या तळाशी बसते आणि वर्षा-दोन वर्षांत टाकीचे उपयुक्त आकारमान घटते. त्यासाठी आधी वाळू बसवणारी कुंडी हवी. प्रेसमडमधले मेण वर तरंगून साय धरते, ढवळणी कमी पडली तर गॅस खालीच अडकतो. आपल्याकडचे बहुतेक कारखाने रस गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात, त्यामुळे या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड जास्त असतो. तो लोखंड खातो आणि माणसालाही घातक आहे. टाकीत उतरण्यापूर्वी हवा तपासणे आणि बाहेर दोरी धरून माणूस उभा ठेवणे यात सवलत नाही. भरणा एकदम वाढवला की आम्ल साचते. सामू (पीएच) ६.८ च्या खाली घसरू लागला की भरणा थांबवावा. चुना ओतून तो वर आणता येतो, पण भरणा तसाच चालू ठेवला तर जंतू मरतात आणि पुन्हा विरजणापासून सुरुवात करावी लागते.

सर्वांत मोठे नुकसान साठवणीत होते. प्रेसमड हंगामातच मिळतो, गॅस बाराही महिने हवा. उघड्या ढिगात तो आतून तापतो, कुजतो आणि गॅस होऊ शकणारा कार्बन हवेत निघून जातो. मुरघासाप्रमाणे थर दाबून, हवा काढून, वर ताडपत्री घट्ट बसवली तर हानी बरीच कमी होते. पावसाचे पाणी आत शिरता कामा नये. पावसाळ्यातील तूट शेण, बाजार समितीतला भाजीपाला आणि आसवनीचे स्पेंट वॉश यांनी भरून काढता येते. एक टन शेण मात्र ४० घनमीटरच्या आसपासच गॅस देते, म्हणून ते दुरून आणणे परवडत नाही.

करारात काय असावे

सहकाराची परीक्षा करारात होते. प्रेसमडचा दर नुसत्या वजनावर ठरवला तर ओला, मातकट माल येतो. शुष्क आणि सेंद्रिय घन भागावर ठरवावा आणि नमुना दोन्ही बाजूंसमोर घ्यावा. गॅस काढल्यावर नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ तेवढेच शिल्लक राहतात, फक्त कार्बन कमी होतो. म्हणून प्रेसमड देणाऱ्या कारखान्याच्या सभासदाला त्या प्रमाणात आंबवलेले सेंद्रिय खत परत मिळण्याचे कलम हवेच. २०२३ मध्ये केंद्राने अशा खतासाठी टनाला १,५०० रुपये बाजार विकास साहाय्य मंजूर केले. हे कलम नसेल तर पूर्वी स्वस्तात शेतावर येणारा प्रेसमड शेतकऱ्याच्या हातून जातो आणि बदल्यात काहीच येत नाही.

पाचट

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते गोळा करून इंधनाला देण्याची मागणी वाढते आहे, पण या जमिनींचा सेंद्रिय कर्ब पाहता खोडव्यातले (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसातले) पाचट शेतातच राहिले पाहिजे. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत दाबावे, बुडखे उघडे ठेवावेत. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक पसरून पाणी द्यावे. युरिया टाळला तर कुजवणारे जंतू जमिनीतला नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. इंधनाला द्यायचेच तर खोडवा न राखता नांगरायच्या शेतातले द्यावे.

उसापलीकडे

तासगाव, मिरज, कवठे महांकाळ भागात द्राक्षाच्या खरड छाटणीच्या आणि फळ छाटणीच्या काड्या निघतात. श्रेडरने बारीक करून त्यांचे आच्छादन करता येते किंवा पांढरा कोळसा (दाबून केलेल्या इंधनविटा). रोगट काड्या मात्र बागेत ठेवू नयेत. हळदीची पाने वाफेने ऊर्ध्वपातित करून तेल देतात आणि उरलेला चोथा कंपोस्टला जातो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीपासून इथेनॉल करण्यावर दीर्घकाळ काम केले आहे. धान्य, कडबा आणि रस देणारे, उसापेक्षा बरेच कमी पाणी घेणारे हे पीक माण, खटाव, जतसारख्या कोरड्या तालुक्यांना जुळते. कापणीनंतर रस काही तासांत आंबू लागतो, ही त्याची मर्यादा. त्यामुळे गाळप शेताजवळच हवे. उसाच्या वाणांसाठी फलटण तालुक्यातच १९३२ पासूनचे पाडेगाव संशोधन केंद्र आहे, आणि आसवनी व उपपदार्थांच्या चाचण्यांसाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट.

मर्यादा

नदीकाठच्या काळ्या जमिनी अतिपाण्याने क्षारपड झाल्या आहेत. प्रकल्पातून निघणाऱ्या द्रवातही क्षार आणि पालाश बरेच असते. ‘सेंद्रिय’ म्हणून ते निचरा नसलेल्या जमिनीवर सोडल्यास जमिनीची क्षारपड वाढते. आधी मातीची विद्युत वाहकता (क्षारांचे माप) तपासावी, भूमिगत निचरा करावा, मगच असे पाणी सौम्य करून द्यावे. आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावर केवळ इथेनॉलसाठी नवा ऊस वाढवला तर त्याला टिकाऊ म्हणता येणार नाही. आहे त्या उसातून निघणाऱ्या प्रत्येक टनाचा पूर्ण वापर होईपर्यंत तरी नाहीच.